अठराच्या खालचं चालणार नाही

माझ्या हातून आजवर एकही प्रयोग फसलेला नाही. ही बढाई नव्हे, नोंद आहे. सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. तिथं मुलांनी ब्युरेट फोडले, बाकं जाळली, एकदा तर छताचा पंखा जांभळा केला! पण माझ्या स्वतःच्या हातचं टायट्रेशन कधी एका थेंबानंही पुढं गेलेलं नाही. त्यामुळे आबांची साखर खाली आणायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा मला वाटलं, यात अवघड काय आहे? एक माणूस, एक पदार्थ, एक सवय. पदार्थ हलवला की सवय संपली. सोपं!

हे सोपं काम पुढं ग्रामसभेत गेलं, तिथून नोटीस बोर्डावर गेलं, आणि आमच्या गावात सरकारी जागेवर साधं पिण्याचं पाणी विकणं नियमबाह्य ठरलं. गावाचं नाव सांगणार नाही. कडेगाव आणि कुंडलच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढं पुरे. मला तिथं अजून जायचं असतं.

आबा म्हणजे माझे वडील, हंबीरराव. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि ऊस करू लागले. आई गेल्यापासून घरात एकटेच असतात. मधुमेह जुना. त्यात उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली आणि ती भरेना. ड्रेसिंगसाठी ते गावच्याच आरोग्य केंद्रात जात. तिथल्या डॉक्टर पल्लवी साधारण माझ्याच वयाच्या. एक दिवस त्यांचा फोन आला.

"मॅडम, स्पष्टच बोलते. तुमचे वडील ड्रेसिंग करून घेतात, गोळ्या घेतात, मला कडक सॅल्यूट ठोकतात आणि बाहेर जाऊन सिद्धूच्या टपरीवर गार नारंगी बाटली पितात. माझ्या खिडकीतून दिसतं मला!"

"तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?"

"म्हणाले ना, काळजी घ्या. ते म्हणाले, येस सर. मॅडम, साखर अशीच राहिली तर ते बोट ठेवता येणार नाही. आणि मग गोष्ट एका बोटावर थांबत नाही. हे घरच्या माणसानं त्यांच्या कानावर घातलेलं बरं. तुम्ही सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं.

आणि रविवारी जाऊन सांगितलंच. निदान मला तसं वाटलं.

"आबा, त्या बाटलीत शंभर मिलिलिटरला अकरा ग्रॅम साखर असते."

"असंल."

"म्हणजे एका बाटलीत सात चमचे!"

"असत्याल."

"आणि तुम्ही ती रोज पिता!"

आबांनी चष्मा काढून पुसला. फौजेतला माणूस उलटतपासणी घेणार असला की आधी चष्मा पुसतो.

"दीपू, सिद्धूची टपरी कुठं हाय?"

"आरोग्य केंद्राच्या आवारात."

"आवार कुनाचं?"

"सरकारचं."

"मग? सरकारच्या जागंत, सरकारी डाक्टरच्या डोळ्याम्होरं इकतोय त्यो. वंगाळ असतं तर सरकारनं इकू दिलं असतं व्हय? आमच्या कँटीनमधी येनारी चीज तपासून, पास हून यायची."

"आबा, ही फौज नाही."

"सरकार एकच हाय. तू बंदीची ऑर्डर दाखीव. त्या दिवसापासनं बाटलीला हात लावला तर सुभेदार म्हनू नगंस."

आबांचा शब्द म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तरुणपणी एका साहेबानं त्यांना "दुसरी ऑर्डर येईपर्यंत इथून हलायचं नाही" असं सांगितलं आणि साहेबाचीच बदली झाली. नव्या साहेबाला आबा ठाण्याच्या दारात उभे सापडले, असं आई सांगायची. त्यात आईची भर किती, ते सोडून देऊ. मुद्दा एवढाच, की ऑर्डर आली तर बाटली सुटणार होती. बाटली सुटली तर बोट वाचणार होतं. मला फक्त ऑर्डर आणायची होती!

आणि वेळही अनुकूल होती. शाळा, दवाखाने, कचेऱ्या अशा सरकारी जागांत गोड पेयं विकू द्यावीत का, यावर सगळीकडे बोललं जात होतं. मी स्वतः साताऱ्याच्या एका परिषदेत त्यावर निबंध वाचला होता आणि टाळ्या मिळवल्या होत्या. आमच्या गावात तर शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत आणि जनावरांचा दवाखाना सगळं एकाच आवारात, आणि मधोमध सिद्धूचा फ्रीज! एक ठराव केला की सगळं उरकलं असतं.

मी ठरावाचा मसुदा लिहिला. शासकीय आवारातल्या पेयांच्या विक्रीला साखरेच्या प्रमाणानुसार मर्यादा घालावी, आणि मर्यादेचा आकडा ग्रामसभेनं ठरवावा. आकड्याची जागा मी मुद्दाम मोकळी सोडली. लोकांनी स्वतः प्रयोग पाहावा, स्वतः निष्कर्ष काढावा, अशी माझी शिकवण्याची पद्धत आहे. माझ्या मनात पाच होता. पुरावा समोर ठेवला की शहाणी माणसं पाचावरच येणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पुरावा म्हणून मी कॉलेजमधला ब्रिक्स मीटर घेतला. वीतभर लांबीची नळी. एका टोकाला काच, तिच्यावर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, नळी उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकानं आत बघायचं. पट्टीवर गोडीचा आकडा दिसतो. डोळ्यांनी दिसतो! यावर वाद कोण घालणार?

ग्रामसभा सव्वीस जानेवारीची होती. इथं माझं पहिलं गणित चुकलं. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला की घरोघरी जिलेबी येते. त्यामुळे मी साखरेवर बोलायला उभी राहिले तेव्हा समोर सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात जिलेबीचा पुडा होता. सरपंच नानासोंनी मलाही एक दिला. नाही म्हणता येईना, म्हणून तो मी टेबलावर मीटरशेजारी ठेवला.

"तर मंडळी," नानासो माईकमध्ये म्हणाले, "आपल्या सुभेदारांची लेक दीपमाला मॅडम सांगलीवरनं आल्यात. इषय हाय सरकारी जागंत गोड पानी इकावं का न्हाई. शांततेत चर्चा करा. जिलबी खाताना बोलू नगा, ठसका लागतोय."

सिद्धू पहिला उठला. "ताई, हापिसात च्या चालतोय. त्यात साखर न्हाई व्हय? माजीच बाटली तेवढी डोळ्यावर आली?"

"चहासुद्धा मोजू," मी म्हटलं.

मग आप्पासो उठले. त्यांचं रान आमच्या रानाला लागून आहे, आणि आबांशी त्यांची ऊस चांगला कुणाचा यावरून मी शाळेत होते तेव्हापासून चढाओढ आहे. "आवं, उसाच्या गावात साखरंवर बंदी? आमी पिकवायची, कारखान्यानं गाळायची आन पियाची कुनी न्हाई? मग ऊस काय कुंपनाला लावायचा?"

हशा पिकला. डॉक्टर पल्लवी शांतपणे उठल्या. "आप्पासो, या आवारात माझ्याकडे तीन पिढ्या एकाच आजाराच्या गोळ्या न्यायला येतात. आजी, मुलगा आणि आता नातू. गोळी घेतात आणि बाहेर येऊन बाटली घेतात. घरी काय प्यायचं ते तुम्ही ठरवा. दवाखान्याच्या दारात तरी नको."

मागून एक बाई म्हणाली, "बाटली न्हाई तर न्हाई, पर पोरांस्नी गार पानी तरी ठिवशीला का न्हाई?" हा सगळ्या सभेतला सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता. त्याचं उत्तर देऊन मी तिथंच थांबले असते, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मला पुरावा द्यायचा होता! मी डबा उघडून ब्रिक्स मीटर वर काढला.

सगळी सभा ताठ बसली. काहींनी तर जिलेबी खाली ठेवली.

साताऱ्याच्या परिषदेत याच नळीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. इथं मात्र ती नळी पोरासोरांना माहीत होती. दर हंगामात कारखान्याचा माणूस ती घेऊन रानात येतो, उसाचा थेंब काढतो आणि बघतो. आकडा अठराच्या वर असला तर ऊस पिकला, तोड लवकर. आकडा खाली असला तर बसा वाट बघत. या नळीनं आमच्या गावात लग्नाच्या तारखा पुढं-मागं केल्या आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथंच वाढले. पण तेव्हा मी माणसांकडे बघत नव्हते, काच पुसत होते.

"आधी शुद्ध पाणी," मी म्हटलं. "म्हणजे मीटर बरोबर आहे याची खात्री पटेल. बघा, शून्य."

"आरारारा!" सभेनं हळहळ व्यक्त केली.

मला थोडं विचित्र वाटलं, पण मी पुढं गेले. सिद्धूची नारंगी बाटली फोडली, ढवळून तिच्यातला गॅस घालवला, थेंब टाकला. माईकजवळ जाऊन मी एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, "अ-क-रा!"

मला वाटलं होतं, लोक दचकतील. तसे ते दचकलेच.

"अकरा?" आप्पासो ओरडले. "फकस्त अकरा? आरं असला ऊस दावला तर कारखान्याचा मानूस बांदावरनंच माघारी जाईल!"

"सिद्धू, लाज वाटत न्हाई व्हय रं?" दुसरा कुणीतरी म्हणाला. "पान्यात रंग कालवून इकतोयस!"

"मला काय ठावं?" सिद्धू रडकुंडीला आला. "कंपनीतनंच तशी येतीया!"

"नाही, नाही!" मी माईकमध्ये म्हटलं. "अकरा म्हणजे जास्त! फार जास्त!"

"मॅडम भल्या हायत, सांबाळून घ्याय लागल्यात," नानासो म्हणाले. "दुसरी बाटली बघा."

दुसरी आंब्याची होती. चौदा.

"जरा बरी हाय," आप्पासो मान तिरकी करून म्हणाले. "पर कच्चीच. आजून म्हैनाभर उभी ठिवाय पायजे."

इथं मी मीटर डब्यात घालून घरी जायला हवं होतं. पण आप्पासो उठून रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या उसाच्या ट्रॉलीकडे गेलेसुद्धा. एक टिपरं उपसून आणलं, सिद्धूच्या टपरीतली पक्कड घेतली, कांडं चिरडलं आणि थेंब बरोबर काचेवर पाडला. हात कसा सराईत!

"बोला मॅडम!"

बोलणं भाग होतं. जे दिसलं ते न सांगणं मला जमत नाही. "एकोणीस."

टाळ्या! शिट्ट्या! आप्पासोंनी टोपी काढून सभेला रामराम केला. आणि मग हळूच, ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आता सुभेदारांचा आसता तर कळलं आसतं. पर त्यांचं रान खारवट. जाऊ द्या."

आबा पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले. पायाला पट्टी, त्यावर सैल चप्पल. आवाराच्या भिंतीपलीकडेच आमचं रान आहे. लंगडत गेले आणि लंगडत आले. खांद्यावर एकच ऊस, पण धरला होता रायफलीसारखा.

"दीपू, बघ."

मी थेंब टाकला. नळी उजेडाकडे केली. आकडा दिसला आणि क्षणभर माझा माझ्यावर विश्वास बसेना.

"एकवीस," मी म्हटलं. "एकवीसच्या जरा वरच!"

सभा उठून उभी राहिली. आबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली, कुणी हातात जिलेबी कोंबली. त्या गडबडीत मला एकाच गोष्टीची काळजी लागली होती. वडिलांच्या उसाचा आकडा मुलीनं काढलेला, उद्या कुणी शंका घेतली तर? काच नीट पुसायला हवी. उन्हानं तापमान वाढलंय, ते वजा करायला हवं. पुन्हा मोजायला हवं. मी दारात जाऊन काच पुसली, नवा थेंब टाकला, आणि उजवा हात उंच करून नळी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. अचूक काम घाईनं होत नाही.

त्याच वेळी माझ्यामागं नानासो माईकमध्ये म्हणत होते, "तर मंडळी, एकमतानं ठरलं! सरकारी जागंत अठराच्या खालचं कायबी इकायचं न्हाई! मंजूर आसंल त्येंनी हात वर करा!"

माझा हात वरच होता.

थोड्या वेळानं ग्रामपंचायत अधिकारी नागसेन माझ्याजवळ आले. अक्षर छापल्यासारखं, आणि सभेत जे ठरलं त्यात स्वतःचा एक शब्द घालणार नाहीत की गाळणार नाहीत. माझा त्यांच्यावर पहिल्यापासून विश्वास. तोवर लोक जिलेबीचा पाक मोजायला घेऊन आले होते, आणि मीटरची पट्टी बत्तीसला संपते हे मी त्यांना समजावत होते.

"मॅडम, सूचक म्हणून आपलं नाव घालतो. ठराव मंजूर झाला, नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. "आकडा तेवढा अचूक लिहा."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग आकडा अचूक लिहिला.

मी सांगलीला परतले ती जिंकूनच! स्टाफरूममध्ये सांगितलं, पेढे वाटले. पेढे वाटणं विसंगत होतं हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्यानं डॉक्टर पल्लवींचा फोन आला. त्या दिवशी त्यांना एका बाईच्या बाळंतपणासाठी सभेतून मध्येच उठावं लागलं होतं.

"मॅडम, तुम्ही केलंत काय हे?"

"बंदी केली!"

"कशावर?"

"गोड पेयांवर. म्हणजे काय?"

"थांबा. मी नोटीस बोर्डासमोर उभी आहे. वाचते. 'शासकीय आवारात अठरा ब्रिक्सपेक्षा कमी गोडी असलेलं कोणतंही पेय विकण्यास मनाई आहे. सूचक, प्राध्यापक दीपमाला.' ऐकताय?"

मी ऐकत होते. हातातला खडू खाली पडला होता.

"पाण्याच्या बाटल्या काढल्या. शहाळेवाला परत गेला. चहावाल्यानं साखर दुप्पट केलीय, पंचायतीत चहात चमचा उभा राहतोय, झेंड्यासारखा! आणि लोक म्हणतात, मॅडमनी दर्जा सुधारला!"

"आणि सिद्धू?"

"नारंगी बाटल्या बंद. तुमची बंदी तेवढी पाळली त्यानं. आता स्वतःचं लिंबू सरबत करतो, पाक घालून. पाटी लावलीय, 'साडेअठरा, मॅडम पास'."

"आणि आबा?" मी विचारलं.

"सुभेदार नियमानं वागतायत. नियमात बसतं तेवढंच पितात. मॅडम, साखर वाढलीय. जखम काल मला आवडली नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलणार होता ना?"

मी मिळेल ती एसटी धरली. येताना बरोबर बाटलीभर ताक घेतलं. आवारात शिरले तर सिद्धू टपरीतून उडी मारूनच बाहेर आला.

"ताई! तुमचे उपकार कसं फेडू? मला वाटलं हुतं, पोटावर पाय देतीया. आता पलीकडच्या गावची मानसं येत्यात! सुभेदार तर दोन गिलास घेत्यात. ह्यो घ्या, तुमच्याकडनं पैसं न्हाई!"

नागसेन पंचायतीच्या पायरीवर भेटले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "दुरुस्ती करता येईल मॅडम. पण ग्रामसभेतच. मी शब्द बदलू शकत नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "मी विचारलं होतं. नक्की ना म्हणून."

"विचारलं होतंत," मी कबूल केलं.

नानासो लांबूनच हात जोडत आले. "मॅडम, लय भारी काम झालं! पंचायतीतला च्या आता च्यासारखा लागतोय!" मी नमस्कार केला आणि पुढं गेले.

आबा कडुलिंबाच्या झाडाखालच्या बाकावर बसले होते. हातात सरबताचा ग्लास. पायावरची पट्टी आता घोट्यापर्यंत आली होती.

"ये गं," ते म्हणाले. "बघ, बाटली सोडली. शब्द हाय म्हनलो हुतो का न्हाई?"

मी शेजारी बसले. त्यांच्या हातातला ग्लास काढून घ्यायचं धाडस होईना, म्हणून ताकाची बाटली पुढं केली. "हे घ्या. घरचं ताक आहे."

"किती हाय?"

"काय किती?"

"ब्रिक्स."

"चार येईल," मी म्हटलं. "म्हणजे, ताक गढूळ असतं, त्यामुळे रीडिंग स्पष्ट येत नाही, पण साधारण..."

"मग न्हाई जमायचं. ऑर्डर अठराची हाय."

"आबा, ऑर्डर विकण्याबद्दल आहे! पिण्याबद्दल नाही!"

"जे इकायच्या लायकीचं न्हाई, त्ये सुभेदारानं पियाचं? तुजं नाव हाय त्या ऑर्डरीवर. तूच मोडाय सांगतियास?"

मी तोंड उघडलं. साडेअठरा म्हणजे शंभर मिलिलिटरला किती, एका ग्लासाला किती, दोन ग्लासांचे चमचे किती, सगळं तयार होतं. जिभेवर होतं. आणि समोर ती पट्टी होती.

"आबा," मी म्हटलं, "तुमचं बोट जाईल."

त्यांनी ग्लास ओठांपाशी नेला होता. तो तिथंच थांबला.

"बोट काढावं लागेल. आणि नंतर कदाचित पाय."

"कवा ठरलं ह्ये?"

"ठरलं नाही अजून. पण डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर ठरेल. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला आले होते."

"न्हाई," आबा म्हणाले. रागानं नाही, नोंद करावी तसं. "तू अकरा ग्रॅम म्हनालीस. सात चमचं म्हनालीस. बोटाचं आज काढलंस."

मी त्या दिवशीचं बोलणं डोक्यात पुन्हा चालवून बघितलं. वाक्य न् वाक्य आठवलं. त्यात बोट नव्हतं. कुठंच नव्हतं! जे सांगायला म्हणून सांगलीहून आले होते, तेवढंच राहून गेलं होतं.

"मला भीती वाटत होती," मी म्हटलं.

"मग तसं म्हनायचं."

"म्हणते. मला भीती वाटते, आबा. गोड पिऊ नका."

आबांनी पायाकडे बघितलं. मग त्यांनी ग्लास तिरका केला आणि सरबत लिंबाच्या मुळाशी ओतून टाकलं.

"आवं सुभेदार!" टपरीतून सिद्धू कळवळून ओरडला. "साडेअठरा हाय त्ये!"

आबांनी तिकडं बघितलंही नाही. ताकाची बाटली उघडली, वास घेतला, एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, पण गिळला. मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"लेखी दे."

"काय?"

"आता म्हनालीस त्येच. पंचायतीची ऑर्डर हाय, ती आसंच कशी मोडू? तिच्यावरची ऑर्डर पायजे. तुज्या सहीची. आन ह्या बारीला आकडा घालू नगंस."

मी पर्समधून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहून दिलं. तारीखसुद्धा अक्षरी लिहिली.